पाण्यावरची बाबुळी

दिल्लीच्या दक्षिणेस, मेहरौलीच्या पुढे छतरपूरच्या बाजूला, ज्यांना ‘फार्महाउस’ म्हणण्याचा प्रघात आहे अशी घरे आहेत. त्यांत शेत क्वचितच असते. उंच भिंत, राखलेली हिरवळ आणि मागील अंगणात पोहण्याचा तलाव मात्र बहुधा असतो. घरची मंडळी जूनमध्ये बाहेरगावी गेली, गाळणीचा पंप चार दिवस बंद राहिला आणि त्यातच पहिली सर आली, की तो हिरवा होतो. आठवड्यापूर्वी जेथे तळाच्या फरशा मोजता येत होत्या, तेथे आता दुसरी पायरीही दिसत नाही.

असे पाणी निवळण्याची रीत ठरलेली आहे. पाने-काटक्या जाळीने काढावयाच्या, मग पाण्याचा सामू तपासावयाचा. तो ७.२ ते ७.६ असला तर क्लोरीन नीट काम करते. ८ पर्यंत चढला, तर त्यातील खरा मारक अंश जेमतेम एक चतुर्थांश उरतो. मौज अशी की शेवाळ दिवसभर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू स्वतःच वर चढवते; आपल्या शत्रूची धार ते आधीच बोथट करून ठेवते म्हणावयाचे. म्हणून प्रथम आम्ल, नंतर क्लोरीन, आणि तेही सूर्यास्तानंतर, कारण दिल्लीचे ऊन क्लोरीनही खाते. नेहमी लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम पुरते. अशा वेळी दहा किंवा त्याहून अधिक घालावे लागते. भिंती कुंच्याने घासावयाच्या, पंप रात्रंदिवस चालू ठेवावयाचा. हिरवे पाणी आधी राखाडी, दुधाळ होते, कारण शेवाळ मेलेले असते पण गेलेले नसते. तुरटीने ते तळाशी बसते, तेथून नळीने ओढून बाहेर टाकले जाते. तीन-चार दिवसांत तळ दिसू लागतो. या पाण्याची निळाई मुख्यतः फरशांची असते, ही गोष्ट वेगळी.

येथे स्वच्छ याचा अर्थ निर्जीव असा आहे. माणसाने उतरावयाच्या पाण्यात दुसरे काही जगू नये, ही अट पोहण्याच्या तलावापुरती योग्यच आहे. परंतु तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या एका पाण्याला ती लावता येत नाही, आणि खरा प्रश्न त्या पाण्याचा आहे.

हौज खास हे नाव मराठी कानाला परके वाटू नये. अरबीतील ज्या शब्दाचा दिल्लीत ‘हौज’ झाला त्याचाच पुण्यात ‘हौद’ झाला. अलाउद्दीन खलजीने (राज्यकाळ १२९६–१३१६) आपल्या सिरी या राजधानीसाठी हा विस्तीर्ण तलाव खोदविला; हौज-इ-अलाई हे त्याचे मूळ नाव. अर्धशतकाच्या आत तो गाळाने भरला. फिरोजशाह तुघलकाच्या ‘फुतूहात-इ-फिरोजशाही’त त्याची हकीकत आहे: तलावात पाणी उरले नव्हते, लोक तळात शेती करीत, तेथेच विहिरी खणून त्यांचे पाणी विकीत. सुलतानाने गाळ उपसविला आणि १३५२ च्या सुमारास काठावर मदरसा उभारला. पुढे त्याची कबरही तेथेच झाली. त्याच लेखात मेहरौलीच्या हौज-इ-शम्सीविषयीची नोंद अधिक बोलकी आहे. काही लोकांनी त्या तलावाकडे येणाऱ्या वाटा अडविल्या होत्या. त्यांना शासन करून वाटा पुन्हा मोकळ्या केल्या, असे सुलतान म्हणतो. त्या काळी तलाव साफ करणे म्हणजे पाण्याला आत येऊ देणे होते.

आज नेमके उलट झाले आहे. विसाव्या शतकात वस्ती वाढत गेली, पावसाचे पाणी आणणारे उतार बांधकामाखाली गेले आणि हौज कोरडा पडला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वसंतकुंजच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी संजय वनातून आणून मूळ हौजाच्या एका लहानशा भागात सोडण्यात आले. पाणी आले, बदके आली, सकाळी फिरणारी माणसे आली. त्यांच्या मागोमाग शेवाळ आले.

सांडपाण्यातील घाण काढली तरी त्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद बरेचसे राहून जातात. शेतकरी जे पोत्यांनी विकत घेतो, ते येथे फुकट वाहत येते. एक ग्रॅम स्फुरदावर सुमारे शंभर ग्रॅम वाळके शेवाळ पोसले जाऊ शकते. त्यात पाणी उथळ, साचलेले, आणि ऊन दिल्लीचे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते. म्हणून दाट शेवाळाच्या तळ्यात मासे पहाटे मरतात. क्लोरीन घातले तर मासेही जातील. मोरचुदाने शेवाळ मरते, पण मेलेले शेवाळ तळाशी कुजून आपले स्फुरद पाण्याला परत करते आणि नवे पीक उगवते. होडीतून जाळीने ओढून काढलेले शेवाळ निदान तळ्याबाहेर जाते. जे सर्वांत अडाणी वाटते तेच काम त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे.

वाङ्मयाने शेवाळाकडे दोन दृष्टींनी पाहिले आहे. कालिदासाच्या दुष्यंताला शैवलाने वेढलेले कमळही रम्य वाटते; वल्कलातील शकुंतलेसाठी त्याला तोच दाखला सुचतो. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मात्र बाबुळी मायेच्या दृष्टांतात येते. पाण्यातच उपजून ती पाण्यालाच झाकते. अद्वैताचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी निरीक्षण म्हणूनही ते अचूक आहे. बाबुळी बाहेरून येऊन पडलेली नसते, पाण्यात जे असते त्याचेच ती रूप असते. हौज खासच्या काठी नाक दाबून ‘काई’ला दोष देणारा दिल्लीकर आपल्याच न्हाणीघराकडे पाहत असतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

सांडपाणी बंद करा, ही मागणी म्हणूनच वरवरची आहे. ते बंद झाले तर शेवाळ जाईल आणि तळेही जाईल. फुतूहातमधला कोरडा तळ पुन्हा दिसेल, फक्त त्यात शेती कोणी करणार नाही. हिरवे पाणी की पाणीच नाही, अशा पेचात सापडलेल्या शहराला निवडीची चैन थोडीच आहे. उपाय तोंडाशीच करावा लागतो. पुण्याला पाणी देणाऱ्या कात्रजच्या पेशवेकालीन योजनेत एकामागे एक दोन तलाव आहेत. पहिल्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी दुसऱ्यात यावे, ही ती युक्ती. हौज खासमध्येही २०१८ च्या आसपास पाणी येते त्या जागी पाणवनस्पतींची खाचरे केली गेली. मुळे पाण्यातील नत्र-स्फुरद शोषून घेतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास आधीच काढून घेतात.

मात्र या वनस्पती वाढल्या की कापून दूर न्याव्या लागतात. जागीच वाळून कुजू दिल्या, तर घेतलेले सारे त्या पाण्याला परत देतात. दर हंगामात कोणी तरी चिखलात उतरून तो भारा बाहेर काढावयाचा, आणि तो कोठे टाकावयाचा यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार व्हावयाचा.