चादरीच्या गावचा कॅमशाफ्ट

सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी, बस्स! पण कधी गेलात तर रिक्षा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे वळवा. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही इथलीच कंपनी.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हा १,५०० घेतो. झिजला की संपलं! म्हणून त्याचे झडपा ढकलणारे उंचवटे कडक हवेत आणि मधला दांडा मऊ. एकाच लोखंडात हे दोन्ही कसं जमतं? वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी आधीच लोखंडी तुकडे बसवतात. त्यांना 'चिल' म्हणतात. वितळलेल्या रसातली उष्णता ते झटकन ओढून घेतात आणि तेवढाच भाग कडक होतो. बाकीचा सावकाश निवतो. मग मऊ भाग लेथवर कातायचा, कडक भाग घासूनच आकारात आणायचा. शेवटचा हिशेब मायक्रॉनमध्ये!

या शहरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये आली. पुढे मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि घरंच्या घरं बसली. आयटीआय झालेल्या पोराला पुण्याची गाडी न पकडता गावातच काम मिळतं, ते अशा कारखान्यांमुळे.

आता गंमत बघा, इलेक्ट्रिक कारला झडपाच नसतात, मग कॅमशाफ्ट कशाला? तुमच्या-माझ्यासाठी ती फक्त पुढची गाडी. सोलापुरात तो पगाराचा प्रश्न आहे.