दोन मिनिटांचे बोलणे

व्यापारी घराला इंग्रजी परके नाही. मालाच्या खोक्यांवर, जीएसटीच्या विवरणपत्रांत, बँकेच्या पत्रव्यवहारात ते रोजच डोळ्यांखालून जाते. मोहोळच्या पेठेतील एखाद्या घरची सून मराठी माध्यमातून बी.कॉम. झालेली असते, सासऱ्यांच्या दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी ती चोख सांभाळते. पुढे पतीला परदेशी नोकरीची संधी दिसते, कॅनडात कायम वास्तव्याचा अर्ज करण्याचे ठरते आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिच्यासमोर आयईएलटीएसचा अभ्यासक्रम येतो. तेथील एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत अर्जदाराच्या जोडीदाराच्या भाषाज्ञानालाही २० पर्यंत गुण आहेत. गुणवत्तायादीत थोड्या गुणांनी नंबर हुकतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा आकडा लहान वाटत नाही.

परीक्षेचे चार भाग आहेत. श्रवणाच्या भागात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. नावाचे स्पेलिंग, दूरध्वनी क्रमांक, पत्ता, तारीख असे तपशील सुरुवातीलाच टिपावे लागतात. दुकानाच्या फोनवर आलेली ऑर्डर एका कानाने ऐकून हाताने लिहून घेण्याची सवय असलेल्या स्त्रीला येथे भिण्याचे कारण नाही. लेखनातील पहिला प्रश्न सर्वसाधारण परीक्षेत पत्राचा असतो, दीडशे शब्दांचा. चुकीचा माल आल्याची तक्रार कशी करावी, हे व्यापाऱ्याच्या घरात शिकवावे लागत नाही. फक्त भाषा बदलते.

खरी अडचण पुढे आहे. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात अडीचशे शब्दांत स्वतःचे मत मांडावयाचे असते, आणि त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट धरतात. संभाषणात परीक्षक एक विषय देतो, विचाराला एक मिनिट देतो आणि त्यानंतर दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलावे लागते. ‘तुम्हांला आवडलेली एखादी जागा’, ‘तुम्ही घेतलेला एखादा निर्णय’ असे साधेच विषय. येथे शब्द अडतात ते व्याकरणामुळे कमी. ज्या स्त्रीला आजवर घरात मराठीतूनही सलग दोन मिनिटे मत विचारले गेले नाही, तिने ते एकाएकी परक्या माणसापुढे परक्या भाषेत कसे सांगावे? पुण्यातील शिकवणी वर्ग तयार उत्तरे पाठ करून देतात. पाठांतर परीक्षकाच्या लगेच लक्षात येते, आणि ते गुणांना मारक ठरते.

रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झाला. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच आधी मराठी व नंतर इंग्रजी शिकविले, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. आज घरात तसा रोष नाही. ‘शीक ना, कोण अडवतंय?’ असे सारेच म्हणतात. मात्र शिकण्याला वेळ आणि बोलण्याला ऐकणारा माणूस, या दोन गोष्टी कोणी आपणहून देत नाही.

वेळ मात्र आपल्या घरांत आयता आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते, स्वयंपाकघर मिटते आणि दुकान बंद होईपर्यंतचा दीड-दोन तासांचा अवधी हाती राहतो. तो मालिकांना न देता अभ्यासाला दिला, तर तीन-चार महिन्यांत पुष्कळ साधते. ऐकणारा इंग्रजी जाणणाराच हवा असे नाही. सासऱ्यांनी घड्याळ धरून समोर बसावे आणि सुनेने दोन मिनिटे न थांबता बोलावे, इतके पुरे. विषय घरचेच घ्यावेत. कंदमुळे का वर्ज्य, पर्युषणात दिनक्रम कसा बदलतो, हे इंग्रजीत समजावून सांगता आले तर आवडत्या पदार्थावरचा प्रश्न अवघड राहत नाही.

एक व्यवहाराची बाब. या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. अर्ज दाखल करण्याचा महिना आधी ठरवावा आणि मग परीक्षेची तारीख घ्यावी. शुल्काची रक्कमही मोठी आहे. सुनेची तयारी झाली का, हे तिलाच विचारून ती भरावी.