जुना मोबाइल आणि तिसरे अणुव्रत

आपल्या व्यापारी घरांना वापरलेल्या वस्तूचा संकोच कधीच नव्हता. भवानी पेठेतील कित्येक गाळ्यांतील तिजोऱ्या आणि वजनकाटे आजही दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती सुखाने नांदत आहेत. तेव्हा दुकानातील व्यवहारांसाठी वापरलेला मोबाइल घ्यावा, हा माझ्या भाच्याचा विचार मला रास्तच वाटला. त्याने त्याला अपरिग्रहाचे नाव दिले, ते मात्र पटले नाही. काटकसरीला काटकसर म्हणण्यात कमीपणा कसला?

आम्ही बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. एकाच मॉडेलचे दोन भाव मिळाले. एका ठिकाणी चौदा हजार, बिलाविना. दुसऱ्या ठिकाणी साडेसोळा हजार, बिल आणि तीन महिन्यांची दुकानाची हमी. भाच्याचा ओढा अर्थातच पहिल्याकडे. बिल मागताच तो विक्रेता म्हणाला, "बिल घेतलंत तर अठरा टक्के जादा पडतील." ही सबब व्यापाऱ्याच्या मुलाने तरी ऐकून घेऊ नये. मोबाइलवर जीएसटी अठरा टक्के आहे खरा. परंतु ज्या जुन्या मालाच्या खरेदीवर क्रेडिट घेतलेले नाही, त्यावर विक्रेत्याला केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची मुभा नियमांतच आहे. मग बिल देण्याची टाळाटाळ कशासाठी?

बँकेत तारण घेताना आम्ही मालमत्तेच्या किमतीआधी तिची मालकी तपासत असू. मोबाइलचा सात-बारा म्हणजे त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो पडताळता येतो. अथवा के वाय एम ही तीन इंग्रजी अक्षरे आणि एक जागा सोडून तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा. उत्तरात फोन काळ्या यादीत, बनावट क्रमांकाचा किंवा आधीच वापरात असलेला आढळला, तर तो खरेदी करू नये, असे दूरसंचार विभागच सांगतो.

पहिल्या फोनच्या खोक्यावरील क्रमांक पडद्यावरील क्रमांकाशी जुळेना. "खोका बदलला असेल," असे उत्तर मिळाले. असेलही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, चोरीची आहे असे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे वस्तू स्वीकारणे हा गुन्हा आहे. आणि आपल्याकडे तर कायद्याच्या कितीतरी आधी अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, स्पष्ट नोंदलेले आहे. अस्सल म्हणून नकली माल खपवणे हा 'प्रतिरूपक व्यवहार'ही त्याच यादीत येतो; बदललेला हलका डिस्प्ले मूळचा म्हणून विकणाऱ्यांना तो लागू पडावा. भाचा हे ऐकून गप्प झाला. अडीच हजारांचा मोह मात्र त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ होता.

आता घसाऱ्याविषयी. फोनचे आयुष्य आपण घेतल्या दिवसापासून मोजले जात नाही. कंपनी सुरक्षा अपडेट ठरावीक वर्षेच देते आणि ती वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून धरली जातात. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त मॉडेलांची मुदत सहसा बरीच कमी. ज्या फोनवरून दुकानाची रक्कम फिरणार, त्याची ही मुदत संपत आली असेल तर कमी भावही महागच पडतो. बॅटरीचेही तसेच. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत पाचशे पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते. नवी बॅटरी घालावी लागणार असेल, तर तिचा खर्च मागितलेल्या भावात मिळवूनच तुलना करावी. विक्रेत्याने आपले गुगल किंवा ॲपल खाते आपल्यासमोर काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे तर सांगायलाच नको.

शेवटी साडेसोळा हजारांचाच फोन घेतला. दुकानदाराने दोन्ही आयएमईआय क्रमांक बिलावर हाताने लिहून दिले. भाच्याने आपला जुना फोन, त्यातील सारी माहिती पुसून, तिथेच विकायला काढला. तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, याचं मूळ बिल आणि तुमच्या आधार कार्डाची प्रत लागेल." भाच्याने माझ्याकडे पाहिले, क्षणभर घुटमळला आणि बिल शोधण्यासाठी घरी फोन लावला.