पैसे गेले म्हणून गप्प बसू नका

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून आम्हा उरणकरांच्या दारावरून परदेशी माल जातो. पण आमच्या एका भातशेतकऱ्याने मोबाईलवरून परदेशातून मागवलेला फवारणी पंप काही आला नाही. पैसे घरधनिणीने बचत गटातून उचललेले. “विक्रेता सातासमुद्रापलीकडे, त्याला कुठे गाठू?” त्यांनी मला विचारले. मी म्हटले, “त्याला कशाला? आपली बँक गाठा.” कार्डाने पैसे भरले असतील, तर ‘माल मिळाला नाही’ अशी लेखी तक्रार बँकेत करता येते. बँक ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागते. सोबत पावती, ऑर्डर क्रमांक व विक्रेत्याचे संदेश जोडावेत. त्यांनी तसे केले. दीड महिन्याने रक्कम खात्यात जमा झाली. उघड फसवणूक असेल तर १९३० वर त्वरित फोन करावा. तक्रारीला मुदत असते. आवणी वेळेवर झाली तरच पीक हाती येते, तसेच हे.