दुधाचे दात

मुले पुण्याला किंवा परदेशी गेली की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांत आजी-आजोबांच्या सोबतीला पुष्कळदा कुत्र्याचे पिल्लू येते. मला ती सोबत पसंत आहे. त्यानिमित्ताने बंद पडलेले फिरणे पुन्हा सुरू होते. मी माणसांचा डॉक्टर, पशुवैद्य नव्हे. तरीही रक्तदाब मोजता मोजता पिल्लाच्या लसीची चौकशी करतो, कारण त्याचे ओरखडे अखेर माझ्याच टेबलावर येतात. उतारवयातील पातळ कातडी सहज फाटते.

गेल्या पावसाळ्यात यावलकडचे एक निवृत्त गुरुजी आले. मनगटावर दातांचे दोन ओरखडे, रक्त आलेले, वर हळद आणि चुना. पिल्लू दोन महिन्यांचे, रस्त्यावरून उचललेले. "दुधाचे दात ते, त्यांना कसले विष?" गुरुजी हसले. या समजाची मला फार धास्ती वाटते. रेबीजचा विषाणू लाळेत असतो. तो दातांचे वय पाहत नाही. पिल्लाला रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात. ज्या वयात ते दिसेल ते चावते, नेमके त्याच वयात त्याला हे कवच नसते. गुरुजींची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्यांना तडक सरकारी रुग्णालयात धाडले. तेथे ही लस विनामूल्य मिळते. रक्त आले असल्याने जखमेत सीरमही आवश्यक होते. पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, तीही कुत्रा चावल्यानंतरच. लक्षणे उमटल्यावर मात्र आजही हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते व सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आईकडून मिळालेले संरक्षण अंगात असेतो लस नीट रुजत नाही, म्हणून ही पुनरावृत्ती. डॉक्टरांचा धंदा म्हणून नव्हे. कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही.

जंतांचे तसे नाही. ते पिल्लाला आईच्या पोटातून वा दुधातून मिळतात. म्हणून दोन आठवड्यांपासूनच दर पंधरवड्याला, वजन करून, पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध द्यावे. विष्ठेतून पडलेल्या अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर, सावलीच्या मातीत तग धरतात आणि अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. आपल्या केळीच्या बागांतील माती तशीच असते. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यांना काही टोचले तरी कळत नाही. बागेत चप्पल घालाच, आणि पिल्लाची विष्ठा रोजच्या रोज उचला.

गोचिडांसाठी गोठ्यातले औषध अंदाजाने कालवून पिल्लाला चोपडणारे पुष्कळ आहेत. पिल्लू ते चाटते, लाळ गाळते, थरथरते, काही दगावतात. त्याच्या वयाचे व वजनाचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच आणावे. अंगावर दिसलेली गोचीड नखांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, नंतर हात धुवावेत. आणि हे काम करताना आजोबांनी चष्मा लावलेला असावा.