दुखणे गेले, लंगडणे राहिले

गावात माणूस आधी चालीने ओळखू येतो, चेहरा नंतर दिसतो. सास्तूरच्या शिवारातून तुरीच्या पट्ट्याकडेने कुणी येत असले, की ओट्यावर बसलेली म्हातारी डोळ्यांवर आडवा हात धरते आणि खांद्यांच्या हेलकाव्यावरूनच अमक्याचा थोरला आला म्हणून सांगते. ज्याचा खुबा दुखतो तो तर शिवेवरूनच कळतो. दर दुसऱ्या पावलाला अंग एका बाजूला कलते, एक पाऊल लांब पडते, दुसरे घाईघाईने उचलले जाते. असा माणूस लातूरला किंवा सोलापूरला जाऊन खुबा बदलून येतो, तेव्हा सगळ्यांची नजर त्याच्या पायांवर असते. दुखणे गेलेले असते, रात्रीची झोप परत आलेली असते, एक्स-रेच्या फोटोत नवी वाटी आणि नवा गोळा चकचकीत दिसत असतो. आणि तो लंगडतच येतो.

“बॉल बदलला न्हवं? मग लंगडतंय कशापायी?” पारावर प्रश्न पडतो. ऑपरेशन फसले, असा निकालही तिथेच लागतो.

ऑपरेशन सहसा फसलेले नसते. सांधा बदलला तरी चाल जुनीच राहिलेली असते. वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर कमीत कमी वेळ उभे राहायचे, अंग चुकवायचे, भार पटकन दुसऱ्या पायावर टाकायचा, हे शरीराने शिकून घेतलेले असते. ते शिकणे शहाणपणाचेच होते, त्याच्या जोरावर माणूस शेतात उभा राहिला. पण दुखणे संपल्याची खबर सांध्याला दोन तासांच्या शस्त्रक्रियेत मिळते, चालवणाऱ्या मेंदूला मिळायला महिने लागतात. त्यातच कमरेच्या बाजूचे स्नायू न वापरल्याने बारीक झालेले असतात. काही पद्धतींत सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी सर्जनला हेच स्नायू थोडे सोडवून पुन्हा शिवावे लागतात. मग अशक्त स्नायू आणि पक्की सवय यांची जोडी जमते.

चालताना प्रत्येक पावलाला माणूस क्षणभर एका पायावर उभा असतो. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू ती ओढून धरतो. त्याला शरीराच्या वजनापेक्षा आखूड तरफ मिळालेली असल्याने त्याला फार जोर लावावा लागतो. त्यामुळे एका पायावर उभे राहिल्यावर खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. साठ किलोची बाई सावकाश चालत विहिरीवर गेली, तरी तिचा खुबा पावलागणिक दीडशे किलोंच्या वर भार पेलत असतो. स्नायू दमला की कंबर पडते, किंवा ती पडू नये म्हणून माणूस सगळे धडच उभ्या पायाच्या बाजूला झुकवतो. हेच लंगडणे.

जर्मन सर्जन फ्रीडरिष ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९५ साली हे मांडले. रुग्णाला एका पायावर उभे करा आणि पाठीमागून कंबर बघा. उचललेल्या पायाकडची बाजू खाली गेली, तर दोष उभ्या पायाच्या खुब्याकडे आहे. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातला. म्हणजे ही परीक्षा एक्स-रेच्या आधीची, नुसत्या डोळ्यांनी केलेली. आजही तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पाठीमागे उभे राहून नीट बघणारे माणूस तेवढे लागते.

तरफेच्या याच हिशोबातून काठीचा नियम निघतो, आणि गावोगाव तो उलटा पाळला जातो. उजवा खुबा बदललेला माणूस काठी उजव्या हातात घेतो, कारण दुखरी बाजू ती, टेकू तिथेच हवा असे वाटते. काठी हवी डाव्या हातात. उजवे पाऊल पडते तेव्हाच डाव्या हातातली काठी टेकली, की तिचा थोडासा रेटा लांबून काम करतो आणि दमलेल्या स्नायूचे ओझे बरेच उतरते. त्याच बाजूला धरलेली काठी माणसाला आणखी त्या बाजूला वाकवते. सास्तूरच काय, पुण्यातही संध्याकाळी बागेत जाऊन बसावे आणि काठ्या मोजाव्यात. निम्म्या तरी चुकीच्या हातात सापडतील, अशी पैज लावायला हरकत नाही.

खुबा बदलण्याची विद्या आज घरोघरी ठाऊक असली तरी फार जुनी नाही. इंग्लंडात रायटिंग्टन इथे जॉन चार्नली हे सर्जन होते. त्या काळी ॲक्रिलिकचा गोळा बसवत. अशा एका रुग्णाचा खुबा वाकताना इतका करकरायचा, की त्याची बायको त्याच्यासोबत एका खोलीत बसायला तयार नसे. त्या करकरीतून चार्नलींनी घर्षणाचा विचार सुरू केला. आधी टेफ्लॉनची वाटी बसवून पाहिली. ती काही वर्षांत झिजली आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२च्या नोव्हेंबरात त्यांनी दाट पॉलिथिलीनची वाटी, पोलादाचा लहान गोळा आणि दोन्ही पक्के बसवायला ॲक्रिलिक सिमेंट अशी जुळणी केली, आणि आजचा खुबा जन्माला आला. पुढे टेनिसपटू अँडी मरेच्या खुब्यावर जानेवारी २०१९ मध्ये धातूचे आवरण चढले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. त्या नऊ महिन्यांत त्याच्या दिमतीला व्यायामतज्ज्ञांचे पथक होते, हे मात्र त्याचे उदाहरण देणारे सांगायचे विसरतात.

सास्तूरच्या माणसाच्या दिमतीला असते ती जमीन. तेरणेच्या खोऱ्यातली काळी, चिकट जमीन. पावसाळ्यात चार पावले टाकली की चपलेखाली मातीचे जाड थर चढतात, प्रत्येक पाय जड होतो आणि दोन्ही पायांवरचा थर कधी सारखा नसतो. लंगडणे मोडायला निघालेल्या माणसाला याहून वाईट रस्ता मिळणार नाही. त्याने निदान पहिले काही महिने शेतात जाण्यापेक्षा गावातच चालावे.

आणि गावात चालायला जागा आहे. तिच्यामागे एक जखम आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना भूकंप झाला. त्याचे नाव किल्लारीच्या माथी बसले, पण पलीकडच्या अंगाला, तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूरही त्यात उद्ध्वस्त झाले. दगडामातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे होती. उन्हाळ्यात गार ठेवणारे तेच माळवद त्या पहाटे अंगावर आले. त्यानंतर पुनर्वसनात वसलेल्या गावांना बोळांऐवजी सरळ, रुंद रस्ते मिळाले. जुन्या गावाची ऊब त्यांत नाही, अशी तक्रार तीन दशके चालू आहे आणि ती रास्तही आहे. पण नुकता खुबा बदलून आलेल्याला वॉकर घेऊन फिरायला असा सपाट रस्ता जुन्या बोळात मिळाला नसता. भूकंपात ज्यांच्या खुब्याच्या वाटीला तडा गेला असेल, त्यांचे गणित तर आत्ता समोर येण्याची वेळ आहे. सांध्याच्या आतून गेलेला तडा भरून आला तरी पृष्ठभाग पूर्वीसारखा गुळगुळीत राहतोच असे नाही, आणि मग झीज हळूहळू, कधी दहा तर कधी तीस वर्षे घेत पुढे सरकते.

गावातले जगणे जमिनीलगतचे असते, ही दुसरी अडचण. चूल खाली, भाकरी थापायची परात खाली, जेवायला मांडी घालून खाली, खुरपणी उकिडवे बसून, संडासही तसाच. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर नेमके यालाच मना करतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर झोपताना पायांत उशी घ्यायची. सुरुवातीच्या आठवड्यांत हे मोडले तर गोळा वाटीतून निसटू शकतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे नियम पाळणे सोपे असते. इथे एका माणसासाठी घरातल्या सगळ्या कामांची उंची वाढवावी लागते. बायकांचे हाल यात अधिक होतात, कारण पुरुषाला खुर्चीवर ताट मिळते, बाईला मात्र पुन्हा चुलीपुढेच बसावे लागते. भोकाची प्लास्टिकची खुर्ची संडासावर ठेवता येते, शेगडी टेबलावर चढवता येते. खर्च फार नाही, घरच्यांनी मनावर घ्यायचे आहे.

आता चाल शिकण्याबद्दल. नीट चालायचे म्हणजे जलद चालायचे असा गैरसमज असतो. उलट, लंगडणे मोडायला हळू चालावे लागते. टाच आधी टेकवायची, मग चवडा. दोन्ही पावले सारख्या लांबीची, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पायांवर सारखा वेळ. भजनाचा ठेका कानात मुरलेल्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. एका मात्रेला घाई झाली की त्याला लगेच खटकते. डॉक्टरांनी भार द्यायला परवानगी दिल्यावर ओट्याचा कठडा धरून एका पायावर उभे राहायचे आणि कंबर पडू द्यायची नाही. निरोगी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. भिंतीला हात लावून खेकड्यासारखे आडवे चालायचे. हे व्यायाम कंटाळवाणे आहेत, आणि औषधाची गोळी नसल्याने घरात कुणी त्यांची आठवण करून देत नाही.

रुग्णालयात आरसा असतो, घरी असतो तो दाढीपुरता. पण सकाळी सूर्य पाठीशी घेऊन सरळ रस्त्यावर चालले तर पुढे लांब सावली पडते. तिचे खांदे डोलतात का, हे चालता चालता दिसते.

पाय लांब झाला, ही तक्रारही अनेकांची असते. बऱ्याचदा तो लांब झालेला नसतो. आखडलेल्या स्नायूंनी कंबर तिरपी धरलेली असते आणि ते सैल पडतात तसा फरक निघून जातो. म्हणून पहिल्याच महिन्यात चांभाराकडून दुसऱ्या चपलेला टाच चढवून घेऊ नये. खरोखरच फरक असेल तर डॉक्टर मोजून सांगतात.

तुळजापूर इथल्या माणसाचे माहेर. खुबा दुखायला लागल्यापासून आईच्या पायऱ्या उतरलो नाही, ही खंत अनेक म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असते. त्यांच्यासाठी पायऱ्यांचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, काठी त्याच्या सोबत. इतर बरीच देवस्थाने डोंगरावर, तिथे चढून जावे लागते. तुळजाभवानीच्या दर्शनाला महाद्वारातून खाली उतरावे लागते. म्हणजे इथे देवीकडे आधी नवा खुबा जातो.

हे सगळे शिकवणारी माणसे महाराष्ट्रात नवीन नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने मुलांचे पाय लुळे पडत असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. देशातली ती पहिली. मुलांना पुन्हा पायावर उभे करता करता ही विद्या इथे रुजली. पण ती शहरांत जितकी पसरली तितकी तालुक्याच्या खाली झिरपली नाही. सास्तूरला भूकंपानंतर उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे; चालणे अडलेल्या माणसाकडे बघण्याची सवय या गावाला आहे. बहुतेक गावांना तेवढीही नाही. तिथला रुग्ण टाके काढायला शहरात जातो, पुन्हा एकदा फोटो काढायला जातो, आणि चालण्याच्या धड्यांसाठी मात्र एसटीचे भाडे परवडत नाही म्हणून जात नाही. सांध्यावर लाखांचा हिशोब होतो, चालीवर कुणी शंभर रुपये धरत नाही, हे काही बरोबर नाही. फिजिओथेरपिस्टने आठवड्यातला एक दिवस ग्रामीण रुग्णालयात बसावे आणि आशाताईंना कंबर बघायला शिकवावे, एवढ्याने पुष्कळ साधेल.

तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी एक करावे. सहा आठवड्यांनी तपासणीला गेल्यावर डॉक्टर फोटो उजेडावर धरून “छान बसलाय” म्हणतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतात. तेव्हा लगेच उठून निघू नये. काठी सुनेच्या हातात द्यावी, खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत यावे आणि सांगावे, “साहेब, फोटो बघितला, आता मला चालताना बघा.”