चर्चचा ऑर्गन आणि जॉन लॉर्ड

१६ जुलै हा कार्मेल मातेच्या सणाचा दिवस. २०१२ साली याच दिवशी लंडनमध्ये जॉन लॉर्ड हा इंग्लिश ऑर्गनवादक वयाच्या ७१ व्या वर्षी निवर्तला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्याला ग्रासले होते. अखेर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचे निमित्त झाले. 'डीप पर्पल' या रॉक वाद्यवृंदाचा तो एक संस्थापक. आम्ही त्याला कधी भेटलो नाही, त्याची भाषा आमची नव्हे, त्याचा गावही आम्ही पाहिलेला नाही. तरीही जुलैच्या पावसात आम्ही चार मित्र एकत्र जमतो आणि त्याचे वादन ऐकतो. एका रॉकवाल्याचे स्मरण या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या कलावंताच्या आधी त्याच्या वाद्यात शोधावे लागते.

लॉर्ड जो हॅमंड ऑर्गन वाजवी, त्याचा जन्म गरजेपोटी झाला. लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकेतील शिकागोचा विजेची घड्याळे बनवणारा संशोधक. घड्याळाचा काटा अचूक गतीने फिरवणारी मोटर त्याच्यापाशी होतीच. तिच्याच बळावर त्याने पोलादाच्या दातेरी चकत्या चुंबकांसमोर फिरवल्या आणि त्यातून विजेचे सूर निर्माण केले. १९३५ साली हे वाद्य बाजारात आले. खऱ्या पाइप ऑर्गनचा खर्च न पेलणाऱ्या लहान चर्चेसनी ते मोठ्या संख्येने विकत घेतले. त्याच्या पुढ्यातील ओढपट्ट्यांवर आजही पाइप ऑर्गनच्या नळ्यांप्रमाणे फुटांची मापे लिहिलेली आढळतात. नळ्या नाहीत, परंतु नळ्यांची आठवण आहे! गरिबांच्या प्रार्थनाघरातून हे वाद्य पुढे जॅझमध्ये गेले. जिमी स्मिथसारख्या कृष्णवर्णीय वादकाने त्याला नवी वाणी दिली, आणि ती वाणी इंग्लंडमधील एका तरुणाच्या कानी पडली.

जॉन लॉर्डचा जन्म ९ जून १९४१ रोजी लेस्टर येथे झाला. लहानपणी त्याने पियानोचे रीतसर शिक्षण घेतले. बाखची शिस्त तेथेच त्याच्या बोटांत उतरली. पुढे नाट्यशिक्षणासाठी तो लंडनला आला आणि रात्री क्लबांतून वाजवू लागला. १९६८ साली 'डीप पर्पल'ची स्थापना झाली. रिची ब्लॅकमोरच्या गिटारच्या गर्जनेपुढे ऑर्गनचा आवाज झाकोळून जाई. तेव्हा लॉर्डने आपला हॅमंड गिटारसाठी बनवलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडला. चर्चमध्ये मंद, सोज्ज्वळ वाटणारा तो सूर आता खरखरीत झाला, फाटला, गुरगुरू लागला. 'स्मोक ऑन द वॉटर' या गीताची गिटारची धून रॉकची फारशी ओळख नसलेल्यांच्याही कानावरून गेलेली असते. त्या धुनेखाली भिंतीसारखा उभा राहणारा आवाज हा ऑर्गनचा आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते.

आमच्या तरुणपणी हे संगीत कॅसेटवरून कॅसेटवर उतरवले जाई. तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत पोहोचताना निम्मा आवाज फितीच्या खरखरीचा असे. वडीलधाऱ्यांना ते सैतानाचे संगीत वाटे, आणि लांब केसांची ती छायाचित्रे पाहता त्यांना दोष तरी कसा द्यावा? एके दिवशी गायनमंडळाला पेटीची साथ करणारे आमचे वृद्ध मास्तर अचानक घरात आले. आम्ही घाईने टेप बंद करू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. 'हायवे स्टार'मधील ऑर्गनचा तुकडा चालू होता. एकामागून एक स्वरसंगती पायरीपायरीने उतरत होत्या, बाखच्या रचनेत उतरतात तशा. तो तुकडा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "हा मुलगा पेटी नीट शिकलेला आहे." एवढेच बोलून ते निघून गेले. त्यानंतर आमच्या घरात रॉकला माफी मिळाली असे नाही, पण आमचे ऐकणे बदलले. गोंगाटातही कोणाची तरी साधना असू शकते, हे आम्हांला कळले.

लॉर्डचा आणि आमच्या मुंबईचा एक धागा मोठा मौजेचा आहे. १९७० सालच्या 'चाइल्ड इन टाइम' या गीताचा आरंभ ऑर्गनच्या संथ सुरावटीने होतो. ती सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या वाद्यवृंदाच्या एका धुनेवरून सुचलेली. आणि त्या धुनेचे नाव 'बॉम्बे कॉलिंग'. लॉर्ड ती सहज वाजवत बसला होता, तीतून हे गीत उगवले, आणि हे ऋण त्या मंडळींनी लपवले नाही. १९९५ च्या एप्रिलमध्ये 'डीप पर्पल' मुंबईत आले, तेव्हाच्या चित्रफितीलाही पुढे 'बॉम्बे कॉलिंग' हेच नाव मिळाले. आमच्यापैकी काही जण त्या रात्री तेथे होते. अर्धे लक्ष मंचाकडे आणि अर्धे शेवटच्या विरार लोकलकडे!

परंतु आम्हांला लॉर्ड अधिक मोठा वाटतो तो त्याच्या एका हट्टामुळे. रॉक आणि अभिजात संगीत यांच्यातील भिंत त्याला मान्य नव्हती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याची 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' ही रचना सादर झाली. एका बाजूला 'डीप पर्पल', दुसऱ्या बाजूला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि मध्ये निर्देशक माल्कम अर्नोल्ड. दोन्हीकडच्या कर्मठांनी नाके मुरडली. पुढे १९७० साली या रचनेची स्वरलिपीच गहाळ झाली. सुमारे तीस वर्षे ती केवळ ध्वनिमुद्रिकेत जिवंत राहिली. मग मार्को द खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून तिची स्वरलिपी नव्याने मांडली. लॉर्डने तीवरून हात फिरवला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात ती पुन्हा निनादली. चाहत्याचे प्रेम किती कष्टाळू असू शकते, याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. हरवलेली गोष्ट त्याने केवळ कान देऊन परत मिळवली.

२००२ साली लॉर्डने 'डीप पर्पल'चा निरोप घेतला आणि उर्वरित आयुष्य स्वररचनेला वाहिले. डरहॅम विद्यापीठाच्या १७५ व्या वर्षानिमित्त त्याने लिहिलेली 'डरहॅम कॉन्चेर्टो' ही रचना ऑक्टोबर २००७ मध्ये डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये प्रथम सादर झाली. १०९३ साली पायाभरणी झालेले हे मंदिर मुळात बेनेडिक्टाइन मठवासीयांचे. आज ते अँग्लिकन पंथाकडे आहे. संत कथबर्ट आणि पूज्य बीड यांची थडगी तेथेच आहेत. त्या नगरीचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस लॉर्डने स्वरांत बांधला आणि त्यात व्हायोलिन, चेलो व नॉर्थम्ब्रियाच्या लोकवाद्याबरोबर आपल्या हॅमंडलाही स्थान दिले. चर्चसाठी जन्मलेले, क्लबांतून आणि क्रीडांगणांतून गर्जून आलेले ते वाद्य नऊशे वर्षांच्या पाषाणी कमानींखाली वाजले. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने आपला आजार जाहीर केला, तेव्हाही संगीत लिहीत राहण्याचा निर्धार सांगितला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा गौरव केला. त्याचबरोबर, पवित्र उपयोगाला साजेशी असतील तर इतर वाद्यांनाही दार उघडे ठेवले. त्या दारातून आमच्याकडे पेटी आली, तबला आला, गिटार आली. आता कीबोर्ड आला आहे. बटण दाबले की ताल आपोआप सुरू होतो. वादकाने केवळ सोबत राहायचे. काही ठिकाणी गायनमंडळ ओसरत चालले आहे, आणि यंत्र मात्र कधी रजा घेत नाही. आम्हांला यंत्राचा राग नाही; हॅमंडही यंत्रच होता. परंतु लॉर्डने त्या यंत्राला स्वतःचा श्वास दिला. गायक गात असताना तो मागे सरे, एखादा सूर धरून ठेवी, आणि वेळ आली की मगच पुढे येई. आमच्यातील जे पुढे गायनमंडळात वाजवू लागले, ते ही साथीची मर्यादा त्याच्याकडूनच शिकले. स्तोत्र भाविकांचे असते. वादकाने त्याखाली जमीन व्हायचे असते.

वाद्य मुळात पवित्रही नसते आणि अपवित्रही नसते. ते कशासाठी आणि किती निष्ठेने वाजवले जाते, यावर सारे ठरते. लॉर्डच्या अंतर्यामी कोणती श्रद्धा होती, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. आम्ही एवढेच जाणतो की त्याचे बोट धरून आम्ही बाखपर्यंत गेलो, आणि बाखपासून पुन्हा आपल्या चर्चच्या माळ्यावर आलो. कोपऱ्यात धूळ खात पडलेली जुनी पेटी आम्ही दुरुस्त करून घेतली आहे. धर्मग्रामातील दोन मुले ती शिकण्यास येतात. त्यांचे भाते अजून दमाने चालत नाहीत, सूर तुटतो, पण ताल ती स्वतःच्याच पायाने धरतात. नोव्हेंबरमध्ये मृतांचे स्मरण करताना आम्ही आपल्या आप्तांबरोबर त्या दूरदेशीच्या वादकाचेही नाव मनात घेतो. प्रभू त्याला चिरशांती देवो.